कागदावर शिवलेल्या गोधडीच्या ब्लॉकमध्ये खण वापरण्याबाबत मदत हवी आहे
सर्वांना नमस्कार. कागदावर छापलेल्या रेषांवरून शिवण घालून मी चांदणीचे आठ इंची ब्लॉक (म्हणजे एकमेकांना जोडून गोधडी होते ते चौकोन) करत आहे आणि मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून आणलेल्या साध्या सुती कापडासोबत आईच्या जुन्या खणाचे तुकडे त्यांत वापरण्याची माझी फार इच्छा आहे. टाका दीड मिलिमीटरचा ठेवल्याने कागद सहज फाटून निघतो. मात्र तो ओढताना खणाचे दोरे सुटतात आणि चांदणीच्या टोकांशी शिवणीबाहेर सोडलेले पाव इंचाचे मार्जिन जवळजवळ उरतच नाही. खणाला मागून पातळ मलमल लावावी, की मार्जिनच वाढवावे? शिवाय जांभळा आणि कुंकवाचा लाल शेजारी आले की चांदणी दिसेनाशी होते. मधे हळदी पिवळा घातला, तर तोच पुढे येतो. अशा वेळी आपण कोणता रंग निवडता, हे कृपया सांगावे.