निवृत्तीनंतर पाच लाखांचा विमा पुरेल का? सुपर टॉप-अप घ्यावा की तोच पैसा बाजूला टाकावा?

गोदाकाठ

नोकरी संपली आणि त्याबरोबर कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही संपला. आता आम्हा दोघांकडे उरला आहे तो स्वतःचा पाच लाखांचा फ्लोटर, म्हणजे दोघांना मिळून एकच रक्कम असलेला विमा. चाळिशीत घेतला होता आणि एकदाही खंड पडू दिलेला नाही. ओळखीतल्या निवृत्त मंडळींमध्ये सध्या हाच विषय चालू असतो, म्हणून माझं मत मांडतो: मूळ पॉलिसी आहे तशी चालू ठेवावी आणि तिच्यावर वीस-पंचवीस लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी दुसरी पॉलिसी, घ्यावा. मूळ विम्याची रक्कम वाढवायला गेलं तर या वयात प्रीमियम झेपत नाही. सुपर टॉप-अप बराच स्वस्त पडतो, कारण पहिल्या पाच लाखांचा भार त्या कंपनीवर नसतो.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या दोघांत मात्र गल्लत करू नका. समजा, डिडक्टिबल, म्हणजे ज्या रकमेच्या वर टॉप-अप सुरू होतो ती रक्कम, पाच लाखांची आहे. वर्षात एकदा चार लाखांचं बिल झालं आणि पुढे पुन्हा साडेतीन लाखांचं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो. दोन्ही बिलं पाच लाखांच्या आतली, म्हणजे त्यातून छदामही मिळणार नाही. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो: साडेसात लाखांतले पाच मूळ पॉलिसी देते, वरचे अडीच सुपर टॉप-अप देतो. म्हातारपणात एकाच मोठ्या आजारापेक्षा वर्षातून दोन-तीनदा भरती व्हायची वेळ जास्त येते, त्यामुळे हा फरक फार मोठा आहे.

सध्याचे नियमही आपल्या बाजूचे आहेत. एप्रिल २०२४ पासून विमा नियामक आयआरडीएआयने नवीन पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची अट काढली. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. आता टाळाटाळ करण्यात अर्थ नाही असं मला वाटतं.

सातमाळा

गोदाकाठ, तुमचं गणित चूक नाही, पण ते निरोगी माणसाचं गणित आहे. मी उलट बाजूने बोलतो.

पासष्टीच्या माणसाला शुगर आणि बीपी असतातच. अट काढली याचा अर्थ कंपनीला पॉलिसी द्यावीच लागते असा नाही. तपासण्या करून ती नाकारू शकते, किंवा लोडिंग लावून प्रीमियम वाढवू शकते. समजा दिलीच, तरी शुगरशी संबंधित आजारांना तीन वर्षं थांबा. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबा. सत्तरीच्या आसपासची पहिली तीन वर्षं प्रीमियम भरत राहायचं आणि ज्या आजाराची धास्ती आहे तोच वगळलेला.

दुसरं म्हणजे भाववाढ. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने सांगितलं की ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी सल्लामसलत करा. ऐकायला छान वाटतं. पण दरवर्षी १० टक्के धरले तरी सात-आठ वर्षांत प्रीमियम दुप्पट होतो. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्याचं पेन्शन वाढतं का? ईपीएस-९५ या पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. एलआयसीची अ‍ॅन्युइटी (एकरकमी पैसे भरून मिळणारी पेन्शन) घेतली असेल तर तीही साधारण तेवढीच राहते. पंच्याहत्तरीत प्रीमियम झेपेनासा झाला आणि पॉलिसी सुटली, तर आजवर भरलेलं सगळं पाण्यात.

आणि तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. म्हातारपणाचा खरा खर्च इस्पितळाबाहेर असतो. पडून मांडीचं हाड मोडलं की ऑपरेशनचे पैसे विमा देईल. त्यानंतर चार-सहा महिने दिवसरात्र माणूस ठेवायचा, घरी फिजिओथेरपिस्ट यायचा, डायपर, वॉकर, कमोड खुर्ची. पॉलिसी बहुधा डिस्चार्जनंतर दोन-तीन महिन्यांचीच औषधं आणि तपासण्या देते. कवळी आणि कानाचं मशीन सहसा कुठेच बसत नाही. म्हणून म्हणतो, सुपर टॉप-अपचे पैसे वेगळ्या एफडीत टाका. ते कुठल्याही कामाला येतात आणि त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही.

गोदाकाठ

इस्पितळाबाहेरच्या खर्चाचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी इस्पितळातला खर्च उघड्यावर टाकायचा का? वर्षाला पंधरा-वीस हजार बाजूला टाकून दहा वर्षांत व्याजासकट जेमतेम तीन लाख जमतील. आयसीयूत दोन-तीन आठवडे व्हेंटिलेटर लागला तर एवढी रक्कम एका आजारपणात संपते, आणि पुढच्या वर्षी हातात काहीच नसतं. विम्याची रक्कम दरवर्षी नव्याने मिळते. शिवाय रोख पैसा घरात दिसला की तो विम्यासाठी राहत नाही, नातवाच्या अ‍ॅडमिशनला किंवा मुलाच्या फ्लॅटच्या हप्त्याला जातो. हे प्रत्येक घरात होतं.

कॅशलेस खिडकी

मी एका रुग्णालयाच्या विमा विभागात बरीच वर्षं काम केलं. तुम्ही दोघंही विम्याच्या रकमेवर भांडताय. माझ्या खिडकीसमोर माणसं रडली ती रक्कम कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेकदा कारण होतं मूळ पॉलिसीच्या अटी.

रूम रेंटचं घ्या. जुन्या पाच लाखांच्या पॉलिसींमध्ये खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० अशी मर्यादा सर्रास असते. भरतीच्या वेळी जनरल किंवा ट्विन शेअरिंग रिकामं नसतं, म्हणून घरचे ८,००० ची सिंगल रूम घेतात. त्यांना वाटतं, वरचे तीन हजार गुणिले दिवस एवढाच भुर्दंड. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं खोलीच्या वर्गाप्रमाणे लागतं आणि कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. समजा, एकूण बिल ३,२०,०००, त्यातले खोलीशी जोडलेले आकार २,४०,०००. आठातले पाच हिस्से म्हणजे १,५०,००० मंजूर, ९०,००० खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि वापरून टाकायच्या वस्तूंना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, पण हातमोजे, मास्क वगैरे बऱ्याच पॉलिसींत मुळातच देय नसतात.

आता गोदाकाठ, इथे तुमचा सुपर टॉप-अप कामाला येतो का? नाही. बिल पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे तो उघडतच नाही. मूळ पॉलिसीने जे कापलं ते भरून देणं हे त्याचं काम नाही. म्हणून आधी मूळ पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा हिस्सा) आणि आजारनिहाय सब-लिमिट (एखाद्या आजाराला ठरवलेली कमाल रक्कम) वाचा. ज्येष्ठांच्या पॉलिसींमध्ये २० टक्के को-पे असणं नवीन नाही. चार लाख मंजूर झाले तरी ८०,००० तुमचेच.

दुसरी गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत: दोन्ही पॉलिसींचं वर्ष एकाच तारखेला सुरू होऊ द्या. समजा, मूळ पॉलिसी जूनमध्ये नूतनीकरण होते आणि सुपर टॉप-अप डिसेंबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये चार लाखांचं बिल झालं, जानेवारीत तीन लाखांचं. मूळ पॉलिसीच्या दृष्टीने दोन्ही एकाच वर्षात, एकूण सात, त्यातले पाच मिळाले. सुपर टॉप-अपच्या दृष्टीने पहिलं बिल जुन्या वर्षातलं, दुसरं नव्या वर्षातलं. कुठलीच बेरीज पाच लाखांवर जात नाही. वरचे दोन लाख तुमच्या खिशातून, आणि विमा दोन-दोन.

तारखा जुळल्या की पुढचं सोपं. भरती झाल्यावर दोन्ही कंपन्यांना कळवा, नुसतं पहिलीला नको. कॅशलेस बहुधा पहिलीकडून होतं. दुसरीकडे प्रतिपूर्तीचा दावा करताना पहिलीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या साक्षांकित प्रती लागतात. डिस्चार्जच्या गडबडीतच त्या मागून घ्या. नंतर एकेका कागदासाठी हेलपाटे पडतात.

सातमाळा

ताई, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. बायको आयसीयूत असताना सत्तरीच्या माणसाने दोन कंपन्यांना मेल करायचे, तारखा पाहायच्या, साक्षांकित प्रती गोळा करायच्या? ज्यांची मुलं परदेशी आहेत ते हे करणार कसे? माझ्या शेजारच्या आजोबांचा दावा एका कंपनीने फेटाळला, कारण काय तर जुना बीपी फॉर्मवर लिहिला नव्हता. फॉर्म एजंटने भरला होता, आजोबांनी नुसती सही केली होती.

कॅशलेस खिडकी

म्हणूनच फॉर्म स्वतः भरायचा, निदान मुलीने-सुनेने समोर बसून वाचून दाखवायचा. बीपीची अर्धी गोळी चालू असली तरी लिहायची. प्रीमियम वाढला तर वाढू दे. पाच वर्षं सलग पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. पूर्वी हाच काळ आठ वर्षांचा होता. आणि पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस फ्री लुक, म्हणजे पॉलिसी तपासून नको असेल तर परत करायची मुदत, मिळतो. प्रस्ताव फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत येते. त्या ३० दिवसांत ती वाचून चूक दिसली तर लेखी कळवायची.

आजोबांचं प्रकरण तिथेच सोडू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

लेक

बाबा ७३ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे, कसलाच विमा नाही. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाख मिळतात ना? मग पहिले पाच लाख कार्डाचे आणि वरती पाच लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, असं जमेल का? मूळ पॉलिसीचा प्रीमियम वाचेल.

कॅशलेस खिडकी

कार्ड नक्की काढ. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं, आणि मोठी गोष्ट म्हणजे जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ नाही. खासगी विमा असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तरच दोन्हींतलं एक निवडावं लागतं. पाच लाख कुटुंबाला आहेत, म्हणजे घरात सत्तरीवरचे दोघं असतील तर दोघांत मिळून.

पण तू म्हणतेस तशी जोडी व्यवहारात जमणार नाही. कार्ड फक्त योजनेतल्या रुग्णालयात चालतं, उपचार ठरलेल्या पॅकेजवर होतात आणि रुग्णाकडून वरचे पैसे घ्यायचे नसतात. तिथे सुपर टॉप-अपला कामच उरत नाही. आणि योजनेबाहेरच्या रुग्णालयात गेलात तर कार्ड निरुपयोगी, म्हणजे पहिले पाच लाख तुमचे. ते द्यायची तयारी असेल तरच सुपर टॉप-अप घे. तुमच्या गावाजवळची कुठली रुग्णालयं योजनेत आहेत आणि तिथे हृदयाचे, मूत्रपिंडाचे उपचार होतात का, हे आजच पाहून ठेव.

पासबुक

मी बँकेतून निवृत्त. आमच्याकडे आयबीएच्या (बँकांच्या संघटनेच्या) करारातून आलेली निवृत्तांची ग्रुप पॉलिसी आहे. प्रीमियम वाढत गेला तसे अनेक सहकारी वैतागून बाहेर पडले, आणि इथे त्याचं समर्थन होईल अशी मला भीती वाटते. बाहेर पडू नका. ग्रुपमध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, वैद्यकीय तपासणी नसते. हे खुल्या बाजारात या वयात मिळत नाही. रक्कम कमी वाटत असेल तर तिच्यावर सुपर टॉप-अप घ्या. सातमाळा म्हणतात तसं विमा सोडून एफडीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. एफडी दोघांपैकी पहिल्याच्या आजारपणात संपते आणि मागे राहिलेल्या बाईकडे ना विमा असतो ना ठेव.

सातमाळा

पासबुक, शेवटचं वाक्य लागलं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मूळ विमा सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. माझा वाद फक्त वरच्या थराचा आहे. ज्याला दोन्ही परवडतं त्याने दोन्ही करावं. ज्याच्या हातात वर्षाला वीसच हजार जास्तीचे आहेत, त्याला मी अजूनही आधी घरच्या शुश्रूषेची सोय करायला सांगेन. डिमेन्शियाचं माणूस सात-आठ वर्षं सांभाळावं लागतं आणि त्यातली बहुतेक वर्षं ते इस्पितळात नसतं.

गोदाकाठ

ताई, तुमचं वाचून जुनी पॉलिसी काढून पाहिली. एक टक्का खोलीभाडं आहेच. म्हणजे आधी मूळ पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची आणि मग सुपर टॉप-अप, की उलट?

कॅशलेस खिडकी

आधी तुमच्याच कंपनीला विचारा, खोलीभाड्याची मर्यादा नसलेली त्यांची दुसरी योजना आहे का. तिथे बदली सहसा सोपी जाते. ती नसेल तर पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करा, पण ६० दिवसांहून आधी नाही. जुन्या पाच लाखांपुरता तुमचा पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ नवीन कंपनीला मोजावाच लागतो. मात्र ती तुम्हाला घ्यायला नकारही देऊ शकते, म्हणून लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी बंद पडू देऊ नका. सुपर टॉप-अपची तारीख मग त्याच नूतनीकरणाला जुळवून घ्या. नूतनीकरण फार लांब असेल तर मात्र तारखेसाठी थांबू नका, कारण प्रतीक्षा काळ पॉलिसी घेतल्या दिवसापासूनच मोजला जातो.