घर विकायला काढलंय: बघायला येणाऱ्यांसाठी आधी काय दुरुस्त करावं?

उंबरठा:
दोन बेडरूमचं जुनं घर विकायचं आहे. माणसं बघायला यायला तीन आठवडे आहेत. अडचणी अशा: हॉलच्या एका भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेत, मागच्या बाजूला बाथरूम आहे. दुसरं बाथरूम वापरात नाही, तिथे गटाराचा वास येतो. बेडरूमचं दार वरच्या कोपऱ्यात घासतं. सिंकभोवतीचं सिलिकॉन काळं पडलंय. सगळं घर रंगवून घेतलं तर भागेल का?

ओळंबा:
रंगाचा डबा इतक्यात उघडू नका. ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की महिन्याभरात फोड येतात, आणि ताज्या रंगावरचा फोड पाहिला की घेणाऱ्याला बाकीच्या भिंतींचाही संशय येतो. वॉटरप्रूफ म्हणून मिळणारा रंग आतून मारला तरी पाणी आतच कोंडतं आणि थोडं वर जाऊन बाहेर पडतं.

आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. सगळे नळ बंद करा, टाकी भरणं थांबवा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी बघा. आकडा सरकला तर दाबाच्या पाइपात गळती आहे. नाही सरकला तर संशय सांडपाण्याच्या पाइपावर किंवा बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांवर. मीटरनंतर वर टाकी असेल तर टाकीखालचा पाइप या चाचणीत येत नाही. त्यासाठी टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून तीच चाचणी पुन्हा करा.

उंबरठा:
मीटर हलला नाही. टाकीतली खूणही तिथेच आहे.

ओळंबा:
मग त्या भिंतीमागच्या बाथरूमची फरशी तपासा. जाळीखालच्या ट्रॅपचं (जिथे पाणी साठून राहतं त्या भागाचं) तोंड घट्ट बंद करा, फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा आणि 24 तास तसंच ठेवा. पातळीवर खूण करा. बाष्पीभवनाने थोडी घट होणारच, पण खूप उतरली किंवा हॉलच्या बाजूची ओल गडद झाली तर पाणी फरशीतून मुरतंय. पातळी तशीच राहिली तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप दोषी, आणि ते काम प्लंबरचं.

सांधेच दोषी असतील तर जुनं ग्राउट (सांध्यांत भरलेला मसाला) किमान 3 मिलिमीटर खोल खरवडून काढा आणि सांधे पूर्ण वाळू देऊन इपॉक्सी ग्राउट भरा. जुन्यावरच नवा थर फासला तर तो पापडासारखा सुटतो. हे अगदी हमखास होतं, आणि मजुरीही वाया जाते. त्यानंतरही पाणी मुरत राहिलं तर फरशी उखडून खालचा वॉटरप्रूफिंगचा थर नव्याने घालावा लागेल.

हॉलची भिंत: सुटलेला रंग-लांबी पूर्ण खरवडा. पांढरे क्षार कोरड्या ब्रशनेच झाडा. ओल्या फडक्याने पुसले तर ते विरघळून परत गिलाव्यात जातात. बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो तिथला गिलावा काढा, ओलीच्या रेषेच्या वर आणखी साधारण 30 सेंटिमीटरपर्यंत. नवा सिमेंटचा गिलावा पाणी मारून मुरवायचा आणि मग वाळवायचा म्हणजे तुमचे तीन आठवडे त्यातच जातील. जाऊ द्या. खरवडलेली, स्वच्छ भिंत तशीच दाखवा आणि कारण काय होतं, काय केलं ते सांगा. दुरुस्तीचे फोटो आणि बिल जवळ असू द्या. बाकी कुठे रंग लावायचाच असेल तर भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा. मधलं ठिगळ तिरप्या उजेडात उठून दिसतं.

पाना_पक्कड:
बाथरूमच्या वासाचं कारण बहुतेक साधं आहे: वापर नाही, म्हणून ट्रॅपमधलं पाणी आटलं. तेच पाणी गटाराची हवा अडवतं. प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये दोन तांबे पाणी ओता, वर चमचाभर खाण्याचं तेल सोडा म्हणजे ते लवकर आटणार नाही. कमोडही फ्लश करा. दुसऱ्या दिवशीही वास राहिला तर बेसिनचा पाइप भिंतीत शिरतो तिथली रबरी रिंग बघा.

दार: वरच्या कोपऱ्यात, कुलपाच्या बाजूला घासत असेल तर लगेच रंधा मारू नका. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात. स्क्रू काढा, भोकात फेविकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या आणि स्क्रू पुन्हा आवळा. तरीही घासलं तरच रंधा, आणि रंधलेल्या कडेला रंग किंवा पॉलिश लावा. उघडं लाकूड दमट हवेत पुन्हा फुगतं.

सिलिकॉन: जुन्यावर नवं चिकटत नाही, त्यामुळे ब्लेडने सगळं काढा. स्पिरिटने पुसा, दिवसभर कोरडं ठेवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मधे एकसलग धार, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि साय धरायच्या आत टेप ओढा. 24 तास पाणी लागू देऊ नका. बुरशीरोधक प्रकारच घ्या.

कवडसा:
दाखवायच्या दिवसाबद्दल थोडं. एका खोलीत सगळे बल्ब एकाच छटेचे लावा, बेडरूममध्ये 2700 ते 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचे. एक पिवळा, एक पांढरा असला की चांगला रंगही डागाळलेला वाटतो. काचा आतून-बाहेरून पुसा, जाड पडदे बाजूला सारा. स्विचबोर्ड आणि दाराच्या मुठीभोवतीचे हाताचे डाग विसरू नका, नजर तिथे जातेच.

सुगंधी फवारे नकोत, लोक लगेच विचारतात की कशाचा वास झाकताय. अर्धा तास आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा, तेवढं पुरतं.

कपाटं लोक उघडतात, म्हणून एक तृतीयांश जागा रिकामी ठेवा. दागिने, औषधं, कागदपत्रं, जादा किल्ल्या मात्र कुलपात. पाणी आणि वीज सुरू ठेवा, नळ सोडून बघितल्याशिवाय कोणी जात नाही.

फोटो छातीच्या उंचीवरून, फोन आडवा धरून काढा. अतिरुंद लेन्स टाळा. फोटोत मोठी दिसलेली खोली प्रत्यक्षात लहान निघाली की माणूस दारातच हिरमुसतो.