स्टार वॉर्सच्या दोन पिक्चरांच्या फटीत अजून किती कॉमिक्स कोंबणार?

कंटाळेश्वर:
मार्व्हलची २०२० ला सुरू झालेली स्टार वॉर्स सिरीज, पन्नास अंक, काल संपवली एकदाची. आता मला कोणीतरी सांगा की मी नक्की काय वाचलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही गोष्ट एम्पायर स्ट्राइक्स बॅक आणि रिटर्न ऑफ द जेडाय ह्या दोन पिक्चरांच्या मधे घडते. म्हणजे सुरुवातीला हिरो ल्यूकचा हात तुटलेला, त्याचा दोस्त हान कार्बोनाइट नावाच्या पदार्थाच्या लादीत जिवंत गोठलेला, आणि काहीही झालं तरी हान लादीतच राहणार हे पहिल्या पानापासून ठाऊक, कारण १९८३ च्या पिक्चरमधे, म्हणजे जेडायमधे, तो जब्बा नावाच्या गुंडाच्या भिंतीवर लटकलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. ल्यूकला मधेच पिवळी लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, मिळते, दिसते झकास, पण जेडायमधे त्याच्या हातात हिरवी आहे म्हटल्यावर ही पिवळी चार दिवसांची पाहुणी. २०२१ ला तर कहर केला. वॉर ऑफ द बाउंटी हंटर्स नावाखाली हानची लादी चोरीला जाते, लिलाव होतो, जब्बा येतो, खलनायक व्हेडर येतो, पाच वेगवेगळ्या सिरीजमधून गोष्ट गरगर फिरते आणि शेवटी लादी कुठे? जब्बाच्या भिंतीवर.
हे भाड्याच्या घरात राहिल्यासारखं आहे. खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही, अकरा महिन्यांनी घर होतं तस्सं परत करायचं. माझं म्हणणं एवढंच, पिक्चरच्या पुढचं लिहा नाहीतर लिहूच नका.

तडकलेली काच:
लादीचं मान्य. बाकी नाही.
१९७७ च्या पिक्चरच्या शेवटी डेथ स्टार, म्हणजे ग्रह उडवणारा तो भलामोठा गोळा, ल्यूक उडवतो. कोणी उडवला हे व्हेडरला माहीत नाही, त्याच्यासाठी तो एक पोरगा, एक पायलट. पुढचा पिक्चर सुरू होतो तेव्हा वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलंय की व्हेडर स्कायवॉकर नावाच्या पोराला शोधायला वेडापिसा झालाय. मधे काय झालं? त्याला ते आडनाव, म्हणजे स्वतःचंच जुनं आडनाव, कळलं त्या क्षणी त्याचं काय झालं असेल? पिक्चरवाल्यांनी दाखवलंच नाही, आणि आपणही इतकी वर्षं विचारलं नाही.
२०१५ च्या डार्थ व्हेडर सिरीजचा सहावा अंक काढा. कीरन गिलेनचं लेखन, साल्वादोर लारोकाची चित्रं. बोबा फेट, पैसे घेऊन माणसं पकडणारा, येऊन सांगतो, पोरगा निसटला, नाव तेवढं मिळालं, स्कायवॉकर. झालं, व्हेडर खिडकीपाशी उभा. तो काही बोलत नाही, मुखवट्याला चेहरा नसतो त्यामुळे चित्रकाराला भुवई उडवायची पण सोय नाही. मधे मधे लालभडक चौकटीत बायकोच्या आठवणी, आणि समोरच्या काचेला तडे जायला लागतात. मला मुलगा आहे, एवढंच त्याला कळतं. बास. ते पान मी तरी रात्री साडेबाराला बघून पुस्तक मिटून बसलो होतो.
कोणी मेलं नाही, काही उडालं नाही, पुढच्या पिक्चरमधे काडीचा फरक नाही. तरी तुमच्या त्या परत करायच्या घरात एक खिडकी नवी दिसली की नाही?

नियमबुवा:
खिडकी छान आहे पण दुसऱ्या भिंतीला धडकते त्याचं काय. एम्पायरमधे सम्राट, म्हणजे व्हेडरचा मालक, व्हेडरशी बोलतो तो सीन आठवा. २००४ च्या डीव्हीडीपासून त्यात नवे संवाद घातलेत, सम्राट म्हणतो हा अनाकिनचा (व्हेडरचंच जुनं नाव) मुलगा आहे आणि व्हेडर विचारतो, हे कसं शक्य आहे. आता जर त्याला आधीच माहीत होतं तर हा प्रश्न कशाला? कॉमिकमुळे पिक्चरमधला सीन खोटा पडला.

तडकलेली काच:
अहो बुवा, खोटा नाही पडला, उलट दुप्पट चांगला झाला. आता तो सीन बघा, व्हेडर मालकासमोर नाटक करतोय. पोरगं स्वतःसाठी हवंय आणि म्हाताऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाहीये. आणि ती पिवळी अक्षरं तर कॉमिकच्याच बाजूने आहेत, त्याला नाव आधीच ठाऊक होतं हे पिक्चरनेच सांगितलं.

नियमबुवा:
ही सारवासारव झाली. पण ठीक आहे, चांगली सारवासारव आहे.

जुना इंद्रजालवाला:
पोरांनो, हे भांडण तुमच्या जन्माच्या आधीपासूनचं आहे. पहिल्या पिक्चरच्या आधीच, १९७७ च्या एप्रिलमधे मार्व्हलचा पहिला अंक अमेरिकेत स्टॉलवर आला होता, पिक्चर आला २५ मे ला. रॉय थॉमस लेखक, हॉवर्ड चेकिन चित्रकार. पहिल्या सहा अंकांत पिक्चरची गोष्ट आणि सातव्यापासून स्वतःचं. आठव्यात एक हिरवा ससा, जॅक्सन नावाचा, माणसाएवढा, हातात बंदूक. हसू नका. मार्व्हलचे पुढे मुख्य संपादक झालेले जिम शूटर स्वतः सांगायचे की त्या काळात कंपनी बुडायची राहिली ती ह्या कॉमिकच्या विक्रीमुळे.
आणि घरमालकाचा त्रास तेव्हा जास्त होता हो. तुम्हाला निदान पुढचा पिक्चर माहीत आहे, त्या लोकांना तोही माहीत नव्हता. जब्बाचा सीन पिक्चरमधून कापला पण कॉमिकमधे राहिला, म्हणून तिथला जब्बा पिवळट, गालमिशावाला, चक्क दोन पायांवर उभा. १९८३ ला पडद्यावर अजस्र गोगलगाय आली आणि हा बिचारा उघडा पडला. ल्यूक लेया भाऊबहीण आहेत हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे अंकांमधे त्यांचं भलतंच काहीतरी सूचक चालू. मला सगळ्यात आवडतो तो १९८१ चा किस्सा. डेव्हिड मिशेलिनी आणि वॉल्टर सायमन्सन ह्यांना दुसरा डेथ स्टार आणायचा होता. वरून निरोप आला, डेथ स्टार नको. का ते सांगितलं नाही, कारण पुढच्या पिक्चरमधे तोच येणार होता. मग ह्यांनी काय केलं, गोळा काढून टाकला आणि नुसती तोफ ठेवली, नाव दिलं टार्किन!
एवढं सगळं सांभाळून १९८६ पर्यंत १०७ अंक काढले. सगळे चांगले होते असं मी म्हणणार नाही.

कंटाळेश्वर:
काका हे भारी आहे, पण तुम्ही माझीच बाजू मांडताय ना? हात बांधले की ससे निघतात.

जुना इंद्रजालवाला:
ससा हात बांधल्यामुळे नाही निघाला, हात मोकळे होते तेव्हाच निघाला. बांधल्यावर ती तोफ निघाली.
आणि एक, विषय निघालाच आहे तर. आम्ही लहानपणी मराठी इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो, वेताळ, मॅन्ड्रेक, आणि अधूनमधून फ्लॅश गॉर्डन. जॉर्ज लुकासला खरं तर फ्लॅश गॉर्डनचाच पिक्चर काढायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून स्टार वॉर्स लिहिलं. आणि एम्पायरचं कॉमिक काढायला बोलावलं कोणाला, तर पूर्वी फ्लॅश गॉर्डनची चित्रं काढणाऱ्या अल विल्यमसनला. म्हणजे कॉमिकमधून निघालेली गोष्ट फिरून कॉमिकमधेच आली. मधली फट वगैरे तुमचे नवे हिशेब.

मालवणी मॅन्डलोरियन:
शेवट म्हायत असलो तर मजा येत नाय, ह्या मात्र पटणा नाय. आमच्याकडे सिंधुदुर्गात दशावतार रात्रभर चालता. कंस मरतलो ह्या पोरापोरांक म्हायत. तरी मंडपात पहाटेपर्यंत बसतंत, कित्याक? संवाद लिहिलेले नसतंत, नट उभो रवान थयच्या थय बोलता, आज कंस काय बोलतलो ह्या कोणाकच म्हायत नसता.
आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. माझं म्हणणं, काय होणार ह्यासाठी वाचायचं असेल तर विकीपीडिया आहे. कसं होणार ह्यासाठी कॉमिक.

कंटाळेश्वर:
दशावतारात राक्षस एका रात्रीत मरतो हो! त्याला मारायला पाच मंडळं एकमेकांच्या मंडपात जात नाहीत, आणि प्रत्येक मंडपाचं वेगळं तिकीट काढावं लागत नाही.

मालवणी मॅन्डलोरियन:
😂 हां ता मात्र खरा

ॲफ्रा ताई:
तुम्ही सगळे ल्यूक, हान, व्हेडर ह्यांच्यावरच अडकलाय म्हणून भांडण संपत नाहीये. फटीतल्या गोष्टीचा खरा फायदा नव्या पात्राला होतो. डॉक्टर ॲफ्रा, व्हेडरच्या त्याच सिरीजमधे तिसऱ्या अंकात आली. पुरातत्त्व संशोधक, म्हणजे सभ्य भाषेत, खरं तर थडगी उकरून माल विकणारी. व्हेडर तिला कामाला ठेवतो आणि ती पहिल्यापासून ओळखून आहे की काम झालं की हा मला मारणार. पिक्चरमधे ती कुठेच नाही, म्हणजे वाचणाऱ्याला पण तेच वाटतं, मेली असेल म्हणूनच नाही.
पुढे स्पॉयलर आहे. ती त्याला आधीच सांगून ठेवते की मारायचं तर लाइटसेबरने झटकन मार, तेवढं अंतराळात फेकू नको, त्याचीच फार भीती वाटते. पंचविसाव्या अंकात तो अर्थातच तिला बाहेर फेकतो. आणि ती जगते, कारण भीती खोटी होती, तिने त्याला हवं तिथे आणून सोडलं होतं, बाहेर उचलून घ्यायची सोय आधीच लावलेली. २०१६ च्या डिसेंबरात तिची स्वतःची सिरीज सुरू झाली.
आता मला सांगा, ही भाड्याच्या घरातली भाडेकरू आहे का? ही तर पोटमाळ्यावर घुसली आणि आता पोटमाळा तिच्या नावावर आहे.

कंटाळेश्वर:
ॲफ्रावर माझं काही म्हणणं नाही. ती ल्यूकपेक्षा जास्त आवडते, प्रॉब्लेमच तो आहे. मग तिच्या गोष्टीत दर थोड्या अंकांनी व्हेडरला आणायची गरज काय.

ॲफ्रा ताई:
मुखपृष्ठावर व्हेडर असला की अंक खपतो, अजून काय. पोळीभाजी केंद्र चालवायचं तर फरसाण पण ठेवावं लागतं.

एकदा पोळलेला:
पुढचं लिहा म्हणणाऱ्यांसाठी माझा अनुभव. मी कॉलेजात असताना पॉकेटमनी साठवून डार्क हॉर्स ह्या प्रकाशनाची जुनी कॉमिक्सची पुस्तकं जमवली. डार्क एम्पायर, १९९१ ला सुरू झालेली, सहा अंक, टॉम वीच आणि कॅम केनेडी. जेडायच्या पुढची गोष्ट, म्हणजे कंटाळेश्वरांना हवी तशी, मालकाचं घर वगैरे नाही. जेडायमधे मेलेला सम्राट क्लोनच्या शरीरात परत येतो, ल्यूक स्वतःहून त्याच्या बाजूला जातो, बोबा फेट जिवंत निघतो. केनेडीचे ते हिरवट निळे रंग, सगळी पानं पाण्याखाली असल्यासारखी. मी वेडा झालो होतो.
मग २०१४ च्या एप्रिलमधे जाहीर झालं की पिक्चर आणि क्लोन वॉर्स ही कार्टून मालिका सोडून जुनं बाकी सगळं आता लेजेंड्स, म्हणजे आख्यायिका, म्हणजे झालंच नाही. आणि २०१९ च्या पिक्चरमधे काय दाखवलं? सम्राट परत आला. कसा ते धड सांगितलं पण नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या ज्या गोष्टीला खोटं ठरवलं तीच घेतली, आणि कॉमिकमधे जी थोडीफार कारणमीमांसा होती तेवढी वगळून.
सांगायचा मुद्दा, पुढचं घर स्वतःचं वाटतं पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचंच. कधीही बुलडोझर येतो.

नियमबुवा:
मान्य, पण डार्क एम्पायर खरंच चांगलं होतं का? मी मोठा झाल्यावर वाचलं. ल्यूक वाईट होतो ते चार पानांत आणि चांगला होतो ते दोन पानांत.

एकदा पोळलेला:
बुवा आज तुम्ही जेवला नाहीत का?

तडकलेली काच:
बुवांशी ह्या बाबतीत सहमत, माफ करा. ल्यूक काळ्या बाजूला का जातो हे पटत नाही, तो जातो कारण मुखपृष्ठ भारी दिसेल. आणि पुढचं आताही येतंच आहे की, २०२४ ला बॅटल ऑफ जाक्कू आलं, २०२५ ला जेडायनंतरची नवी सिरीज सुरू झाली, ॲलेक्स सेगुराची. कंटाळेश्वर, ती वाचा ना.

कंटाळेश्वर:
बघितली. पण तिथे तरी काय, तीस वर्षांनंतर हान आणि लेया वेगळे झालेले असणार, पोरगा वाया गेलेला असणार आणि ल्यूक बेटावर जाऊन बसलेला असणार हे पिक्चरने आधीच ठरवून ठेवलंय. अकरा महिन्यांऐवजी तीस वर्षांचा करार, एवढंच.

ॲफ्रा ताई:
आमचे आजोबा गिरगावात पागडीच्या खोलीत साठ वर्षं राहिले. पाच पोरं, दोन लग्नं, एक गणपती, सगळं त्याच दहा बाय बारात. घर कधीच त्यांचं नव्हतं. तुमच्या उपमेचा मला पहिल्यापासून राग येतोय म्हणून सांगितलं.

कंटाळेश्वर:
ताई 🙏 उपमा मागे घेतो.
दरम्यान व्हेडरचा तो सहावा अंक काढून बघितला. मी आधी वाचला होता पण तेव्हा बहुतेक पानं नुसती उलटली, कारण मला फेट कुठे जातो त्यात जास्त इंटरेस्ट होता. काचेचं पान आहे खरं. परत बघितल्यावर लक्षात आलं की तडे जायला लागतात तेव्हा तो काचेला हात पण लावत नाहीये.
लादीबद्दल मी मागे हटणार नाही.

तडकलेली काच:
लादीबद्दल इथे कोणीच तुमच्या विरोधात नाहीये भावा.

मालवणी मॅन्डलोरियन:
मी आसंय. लिलावाचो अंक माका आवडललो. उद्या लिवतंय, आता झोपतंय.