तेफिलीन: आतलं अक्षर कुणालाच दिसत नाही, मग एका अक्षरावरून सगळं बाद का?

अक्षरवाला (धागाकर्ता)

मी ज्यू नाही. बोरू-शाईचं काम करतो, म्हणून सोफेर, म्हणजे ज्यूंचे धर्मलेखक, कसे लिहितात याबद्दल बरंच वाचत आलोय. त्यातून एक मत झालंय, ते मांडतो. झोडपायला मोकळीक आहे.

आधी वस्तू समजून घ्या. तेफिलीन म्हणजे चामड्याच्या दोन काळ्या चौकोनी पेट्या. एक दंडावर, हृदयाच्या बाजूला झुकलेली. दुसरी कपाळाच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथे. उजव्या हाताने काम करणारा डाव्या दंडावर बांधतो. मग काळा पट्टा हाताला सात वेढे घेऊन बोटांपर्यंत येतो. सकाळच्या प्रार्थनेला बांधायची. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि मोठे सण सोडून. मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याच्यावर हे बंधन येतं.

आत तोराहमधले, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांमधले, चार उतारे असतात: दोन 'निर्गम' या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायातले, दोन 'अनुवाद' (Deuteronomy) या पुस्तकाच्या ६ आणि ११ या अध्यायांतले. हाताच्या पेटीत चारही एकाच चर्मपत्रावर. डोक्याच्या पेटीत चार कप्पे आणि चार वेगळी चर्मपत्रं. दोन्ही पेट्या मिळून ३१८८ अक्षरं. एक गळलं, एक तडकलं, दोन एकमेकांना चिकटली, की जोड बाद.

इथपर्यंत नुसता कडकपणा वाटेल. मला पुढचं महत्त्वाचं वाटतं. तेफिलीनची अक्षरं क्रमानेच लिहावी लागतात. पुढच्या उताऱ्यात गेल्यावर मागे एक अक्षर राहिल्याचं लक्षात आलं, तर परत जाऊन ते घालता येत नाही. (तोराहच्या गुंडाळीत ही दुरुस्ती चालते, तेफिलीन आणि मेझुझात, म्हणजे दाराच्या चौकटीवर लावायच्या चर्मपत्रात, नाही.) शाईचा ठिपका पडला आणि भोवतीची शाई खरवडून त्यातून अक्षर काढलं, तरी चालत नाही, अक्षर लिहूनच झालं पाहिजे. देवाचं नाव लिहिण्याआधी तसा संकल्प तोंडाने म्हणावा लागतो, आणि लिहिलेलं नाव पुसता येत नाही.

आजकाल चर्मपत्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासतात. गळलेलं अक्षर त्यात सापडतं. पण मागे जाऊन गुपचूप घातलेलं अक्षर? न उच्चारलेला संकल्प? ते कुठल्याच यंत्राला कळणार नाही. वर पेटी जनावराच्या स्नायूतंतूंनी बारा टाके घालून शिवून टाकतात. म्हणजे बांधणारा माणूस आयुष्यभर एका अनोळखी लेखकाच्या सचोटीवर विसंबून असतो. माझं म्हणणं एवढंच, की तेफिलीनचं मर्म मला त्या बंद पेटीमागच्या प्रामाणिकपणात दिसतं. नियम सैल केले की उरेल ती नुसती पेटी.

तर्कटराव

लेख छान, निष्कर्ष भाबडा.

तोराहमध्ये पेटी कुठे आहे? काळा रंग कुठे आहे? बारा टाके? 'हातावर खूण' आणि 'डोळ्यांच्या मध्ये' एवढंच तिथे आहे. रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मपंडितांची, तोंडी परंपरा न मानणारे कराईट ज्यू हे सरळ अलंकारिक मानतात आणि तेफिलीन बांधतच नाहीत. रब्बींच्या गोटातलाच माणूस हवा असेल तर राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचा नातू रश्बम घ्या. निर्गम १३:९ वर त्याने लिहून ठेवलंय की साध्या अर्थाने ही आठवण नेहमी तुमच्यासोबत राहो, जणू हातावर लिहिली आहे. ज्या वाक्याचा अर्थ 'मनात ठेवा' असा होऊ शकतो, त्यावर तुम्ही चामड्याचं अख्खं खातं उघडलंत!

आणि नियम 'सैल केले की' म्हणजे काय? ते नेहमीच असे घट्ट होते का? मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची तेफिलीन सापडली. काहींमधल्या पट्ट्यांवर दहा आज्ञासुद्धा आहेत, ज्या आज कुणी घालत नाही. आजच्या मापाने ती बाद. मग त्या माणसांच्या सकाळी वाया गेल्या म्हणायचं?

अक्षरवाला

@तर्कटराव, रश्बम कराईट नव्हता. वाक्याचा साधा अर्थ सांगणं वेगळं आणि आचार कसा करायचा हे वेगळं, हा भेद त्या परंपरेला चांगला ठाऊक आहे. त्याने नियम मोडायला सांगितलं नाही.

कुमरानचा मुद्दा जड आहे, मान्य. पण त्यातून एवढंच कळतं की तेव्हा एकापेक्षा जास्त रिवाज होते. 'कसंही चालेल' असं त्यातला एकही रिवाज म्हणत नाही. त्या इवल्याशा पट्ट्यांवरची अक्षरं बघा, आळसाने लिहिलेली नाहीत ती.

खडूस काकू

सगळं वाचलं. प्रश्न एकच: गाईचं कातडं डोक्यावर बांधून प्रार्थना? आणि इथे त्यावर कौतुकाचा धागा? आमच्याकडे जानवं निदान सुताचं असतं.

अलिबागचा पांढरा कांदा

काकू, नमस्कार. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, जन्म अलिबागजवळचा, राहतो इस्रायलमध्ये अश्दोदला. आमच्या घरी गाय हा विषय निघाला की आजीही तुमच्यासारखंच तोंड करायची, म्हणून राग नाही. उत्तर असं: कातडं खाण्यास योग्य जातीच्या जनावराचं लागतं, पण ते जनावर कापलेलंच असावं अशी अट नाही. आपोआप मेलेल्याचं कातडंही चालतं, तालमूद या रब्बींच्या ग्रंथातच तसं आहे. शाकाहारी ज्यू मंडळी नेमकं तेच मागतात. चांगल्या पेट्या गाय-बैलाच्या जाड कातड्याच्या एकाच तुकड्यातून दाबून घडवतात, त्याला महिनोन् महिने जातात. स्वस्त पेट्या शेळी-मेंढीच्या पातळ कातड्याच्या. जानव्याशी तुलना मात्र नको. जानवं अंगावर राहतं, तेफिलीन प्रार्थना झाली की उतरवून पिशवीत जातात. शौचाला जाताना, झोपताना ती अंगावर चालत नाहीत.

आता @अक्षरवाला, तुमच्याशी भांडण. तुम्ही म्हणता मर्म प्रामाणिक लेखकात. आमच्या पूर्वजांकडे लेखकच नव्हता हो! नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, अशी आमची कथा. पुढची कित्येक शतकं कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. कोचीनकडून डेव्हिड रहाबी हा ज्यू शिक्षक आला तेव्हा हिब्रूतलं काय उरलं होतं? 'शेमा इस्रायल', म्हणजे 'हे इस्रायल, ऐक'. बाळाची सुंता असो, लग्न असो की मरण, तेच एक वाक्य. आणि ते वाक्य तुमच्या त्या बंद पेटीतल्या एका उताऱ्याची पहिली ओळ आहे. चर्मपत्र नाही, शाई नाही, बारा टाके नाहीत. तोंडी राहिलं. रहाबीला आम्हाला ओळखायला पेटी उघडावी लागली नाही.

वडिलांची तेफिलीन मी इथल्या सोफेरला दाखवली. त्याने डोक्याची पेटी उसवली, एका अक्षराची शाई उडालेली. किती वर्षांपासून, देव जाणे. वडील रोज सकाळी बांधत होते. तालमूदमध्ये ज्या डोक्याने कधी तेफिलीन बांधलीच नाहीत त्याच्याबद्दल फार कडक शब्द आहेत. मी सोफेरला विचारलं, बाबा त्यात मोडतात का? म्हणाला, माणसाला कळणंच शक्य नव्हतं, त्यासाठी त्याला दोषी धरत नाहीत. मग मला सांगा, मर्म अक्षरात की बाबांच्या सकाळीत?

अक्षरवाला

@पांढरा कांदा, वडिलांबद्दल त्या सोफेरने सांगितलं ते मला योग्य वाटतं. पण त्याने 'असू दे, तशीच बांधा' म्हटलं का? नाही ना. दोष माफ करणं आणि अक्षर चालवून घेणं या दोन गोष्टी आहेत.

शेमाबद्दल माझं उत्तर थोडं वेगळं आहे. तोंडी राहिलं ते एकच वाक्य. बाकीचे तीन उतारे गेले. पुढे तोराहची गुंडाळी हवी, सिनेगॉग हवं असं तुमच्याच लोकांना वाटलं. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत शार हारहमीम हे सिनेगॉग उभारलं, त्यावरून तोंडी पुरेसं नव्हतं असं मला वाटतं.

अलिबागचा पांढरा कांदा

तशीच बांधा म्हणाला नाही. नवं चर्मपत्र घातलं आणि पैसे घेतले. :) नवीन चांगली जोडी घ्यायला गेलात तर शेकडो डॉलर लागतात, हेही तुमच्या सचोटीच्या गोष्टीत घाला. प्रामाणिकपणा पारखता येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक किमतीवरून पारखतं.

तर्कटराव

आणखी एक. डोक्याच्या पेटीत चार उताऱ्यांचा क्रम काय, यावर राशी एक सांगतो आणि त्याचा दुसरा नातू रब्बेनू ताम शेवटचे दोन उलटे लावायला सांगतो. एकाची बरोबर तर दुसऱ्याची बाद. म्हणून काही लोक दोन्ही जोड बाळगतात, एक उतरवून दुसरी बांधतात. आजोबा-नातवाच्या वादात आठशेहून जास्त वर्षं गेली तरी निकाल सगळ्यांनी मान्य केलेला नाही. बहुतेक जग राशीप्रमाणे चालतं, एवढंच. इतक्या अनिश्चिततेवर ३१८८ अक्षरांचा काटा कशाला?

अक्षरवाला

अहो, क्रमाची पर्वाच नसती तर दोन जोड कुणी बाळगले असते?

शंकेवरचा त्यांचा उपाय तर मला फारच आवडतो. एखादं अक्षर नीट उमटलंय की नाही यावर मोठ्यांचा निकाल लागत नसेल, तर लहान मुलाला दाखवायचं. अक्षरं ओळखणारं, पण फार हुशार नाही आणि मठ्ठही नाही असं मूल, कारण हुशार मूल संदर्भावरून वाचून टाकेल. मूल म्हणेल तेच अक्षर. शेवटी विद्वानांनाही एका पोराच्या डोळ्यापुढे गप्प बसावं लागतं.

मृण्मयी_न्यूजर्सी

पोरगं चालतं. पोरीची आई चालते का?

इतका वेळ 'माणूस बांधतो', 'लेखक लिहितो' चाललंय, म्हणून विचारते. बायकांना तेफिलीनमधून सूट, कारण ते वेळेशी बांधलेलं कर्तव्य. तालमूदमध्येच शौल राजाची मुलगी मीखल तेफिलीन बांधायची आणि पंडितांनी तिला अडवलं नाही असं आहे. सोळाव्या शतकात क्राकूवच्या रब्बी मोशे इसेर्लेसने मात्र बांधणाऱ्या बायकांना हटकावं असं लिहिलं आणि अश्केनाझी (युरोपीय वंशाच्या ज्यूंच्या) घरांत तेच चालत आलं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ ज्यूंच्या, हायस्कूलने दोन मुलींना शाळेच्या प्रार्थनेत तेफिलीन बांधू दिली, तर किती गदारोळ झाला! त्याच वर्षी ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह (नावाने सनातनी वाटला तरी ऑर्थोडॉक्सांहून मोकळा) पंथाच्या धर्मनियम समितीने बायकांवरही ही कर्तव्यं पुरुषांइतकीच आहेत असा निर्णय मंजूर केला.

आणि धागाकर्त्यांच्या लाडक्या मुद्द्यावर: जिला बांधायचं बंधन नाही तिने लिहिलेली तेफिलीन चालत नाहीत, हाही तालमूदचाच नियम. म्हणजे अक्षर निर्दोष, क्रम बरोबर, संकल्प उच्चारलेला, सचोटी शंभर टक्के, तरी बाद. तुमचं मर्म प्रामाणिकपणात होतं ना? मग इथे ते का पुरत नाही?

अक्षरवाला

@मृण्मयी, प्रामाणिकपणा पुरेसा आहे असं मी म्हटलं नव्हतं, तो टाळता येत नाही असं म्हटलं होतं. जो स्वतः बांधतो तोच लिहितो, यात एक तर्क मला दिसतो: चूक झाली तर ती आपल्याही कपाळावर येणार हे त्याला ठाऊक असतं. स्त्रियांवर बंधन आहे असं ज्या पंथाने मानलं, त्यांच्याकडे त्याच तर्काने त्यांचं लिहिणंही चालायला हवं.

मृण्मयी_न्यूजर्सी

ऑर्थोडॉक्सेतर पंथांत बायका सोफेर आहेतच, लिहितायत. पण त्यांनी लिहिलेली जोडी ऑर्थोडॉक्स माणूस बांधणार नाही. तुमच्या तर्कात बंधन आधी येतं, आणि ते कुणावर आहे हे ठरवायला बायकांना कधी बसवलं होतं, ते सांगा.

खडूस काकू

या मुद्द्यावर मी मृण्मयीच्या बाजूने. कातड्याबद्दल मत तेच आहे.