सल्ला हवा: पर्यायी संगीताच्या मराठी त्रैमासिकाचं मास्टहेड

रानवारा: मराठी रॅपर, मेटल बँड, घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणारी मुलं यांच्यावर आम्ही मित्र छापील त्रैमासिक काढतोय. मजकूर जमतोय, अडलंय मास्टहेडवर, म्हणजे मुखपृष्ठावरच्या नावाच्या अक्षरांवर. नाव दोन अक्षरी: पहिल्याला दीर्घ वेलांटी, दुसऱ्याला उकार. कुठलाही फॉन्ट लावला की लग्नपत्रिका वाटते. अक्षरं ओरखडून, फाडूनही पाहिली. ती कुणाचीही वाटतात. छपाई दोन रंगांत, बजेट बेताचं. कुणाचं काम पाहू?

अक्षरखुळा: फॉन्ट शोधणं थांबवा, नाव हातानं काढा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षकं मिळतील तेवढी पाहा. नाटकाचा स्वभाव अक्षरातच दिसतो, वरून डाग पाडावे लागत नाहीत. लंडनच्या ‘स्निफिन ग्लू’ या पंक संगीताच्या घरगुती अंकाचं नाव १९७६मध्ये तो काढणाऱ्या मार्क पेरीनं जाड पेनानं लिहिलं आणि अंक फोटोकॉपी करून काढला. पंकला तेच शोभलं. तुमची मुलं खोलीत रेकॉर्ड करतात ना, मग त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी हातचं वळण घ्या.

आता तुमची खरी अडचण. वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ठरलेल्या पट्टीत मूळ अक्षराला उंचीच उरत नाही. वेलांटी पट्टीबाहेर, फोटोवर जाऊ द्या. उकार खाली न सोडता आडवा ओढा. शिरोरेषा ठेवायची, तोडायची की काढायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा, कारण सगळा तोल तिच्यावर आहे. नावात ध किंवा भ असेल तर जपून: शिरोरेषेतली फट गेली आणि जाड रेघेत गाठ बुजली की लोक घ आणि म वाचतील.

खडूफळा: ‘रे गन’ पाहाच. अमेरिकेतलं संगीत मासिक, १९९२ ते २०००. त्याचा कलादिग्दर्शक डेव्हिड कार्सननं गायक ब्रायन फेरीची एक मुलाखत चक्क चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली होती. दर अंकाला नवं मास्टहेड करा!

अक्षरखुळा: इथे मी असहमत. नव्या अंकाला आधी ओळख लागते. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ या संगीत नियतकालिकाचं शीर्षक १९६७मध्ये पोस्टर-चित्रकार रिक ग्रिफिननं रेखाटलं, पुढे ते बरंच घासूनपुसून झालं, पण ओळख टिकली. नाव कायम ठेवा, रंग आणि जागा बदला. आतल्या मजकुराला ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट घ्या: मोफत आहे, सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाडींत मिळतो.

शाईवाला: छपाईतलं सांगतो. मास्टहेड एकाच शाईत ठेवा. दोन रंग केसभर सरकले तरी बारीक रेघांना सावली येते. आणि रेखाटनात जीव ओतण्याआधी नाव मिळतंय का ते बघा. २०२३च्या कायद्यानुसार नियतकालिकाची नोंदणी प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे होते, तिथे शीर्षक मंजूर व्हावं लागतं.

रानवारा: शीर्षकाचा अर्ज आधी करतो. आमच्या ड्रमरचं अक्षर रांगडं आहे, त्याच्याकडून पानंच्या पानं लिहून घेतो आणि इथे टाकतो. अक्षरखुळा, आडव्या उकाराचं एखादं कच्चं रेखाटन दाखवाल का?