एमएस्सी डेटा सायन्स: प्रॅक्टिकल म्हणजे फक्त टायटॅनिक?

कोथरूडकर: दुसरं सेमिस्टर संपत आलं, लॅबमध्ये अजून कॅगल या डेटा-स्पर्धांच्या साइटवरचा टायटॅनिक प्रवाशांचा सराव-डेटाच. ८९१ ओळींची आयती फाइल. इंटर्नशिपला दाखवू काय?

पाषाणचा_मामा: खडकवासला धरणाचे पावसाळ्यातले आकडे स्वतः उतरव. विसर्ग क्युसेकमध्ये, साठा टीएमसीत, मधले दिवस गायब. निम्मा वेळ साफसफाईत जाईल, जाऊ दे. आणि ट्रेन-टेस्ट, म्हणजे मॉडेलला शिकवायचा आणि तपासायचा डेटा, तारखेनेच तोड. तारखा न बघता रँडम स्प्लिट केलास तर पुढच्या आठवड्याचा पूर मॉडेलला आधीच ठाऊक असतो. अचूकता ९८ टक्के, उपयोग शून्य.

हिंजवडी_ताई: मुलाखती घेते म्हणून सांगते, न्यूरल नेटवर्क सगळेच लावतात. साधं एसक्यूएल जॉइन, म्हणजे डेटाबेसमधले दोन तक्ते जोडणं, विचारलं की घाम फुटतो बाळांना.

कोथरूडकर: मामा, गेल्या वर्षीचे आकडे व्हॉट्सॲपवरच्या फोटोंत आहेत. चालतील?

पाषाणचा_मामा: पळतील.