जुन्या इंग्रजी सिनेमांच्या थीम्स, पियानोवर: काय ऐकवू?

रातराणी
बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पेपर-टीव्ही नको म्हणतात, डोळ्यांतून पाणी येतं. दिवसभर नुसतं पडून राहायचं आणि मी थेंब घालायला गेले की चिडायचं. तरुणपणी रीगल, इरॉसला बघितलेले इंग्रजी सिनेमे मात्र पक्के लक्षात आहेत. काल बाबा 'लव्ह स्टोरी'ची चाल गुणगुणत होते. नेटवर पियानो शोधून लावला, तर त्यात पावसाचा आवाज मिसळलेला. बाबा म्हणाले, "खिडकी लाव गं, पाणी आत येईल." गाणारं कुणी नको, चाल ओळखू यायला हवी. सुचवा प्लीज.

जुनी_तबकडी
फेरांटे आणि टायकर. डोळे झाकून! (सॉरी, बाबांचे आधीच झाकलेत.) दोन अमेरिकन वादक, दोन पियानो. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत शाळेत शिकताना भेटले आणि पुढे जन्मभर जोडीने वाजवलं. 1960 साली 'द अपार्टमेंट' आणि 'एक्झोडस'च्या थीम्सनी ते घरोघरी पोचले. त्यांची रेकॉर्ड कंपनी युनायटेड आर्टिस्ट्स, म्हणजे सिनेमावाल्यांचीच, त्यामुळे नव्या सिनेमाची थीम हाताशीच असायची. मागे ऑर्केस्ट्रा आहे, चालत असेल तर बघा. 'एक्झोडस' दुपारच्या झोपेला लावू नका, दोघं चांगलेच पेटतात.

कोपऱ्यातला
रिचर्ड क्लेडरमन कुणीच कसा सांगितला नाही?

पेटीवाला
कारण तो लिफ्टमध्ये आणि डेंटिस्टकडे फुकट ऐकायला मिळतो :)
गंमत सोडा. पेटीचा भाता हलता ठेवला की सूर हवा तितका लांबतो. पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो. सिनेमात व्हायोलिनवर लांबवलेली चाल पियानोवर घेतली की मधली जागा कशाने तरी भरावी लागते. हलका हात असेल तर डाव्या हाताचे सुटे सूर पुरतात. नसेल तर उजवा हात वरच्या सप्तकात नुसता झुळझुळत राहतो आणि चाल त्याखाली बुडते. 'लव्ह स्टोरी'त एकाच उडीने खाली जाऊन परत वर यायचं आहे, ती उडी स्वच्छ ऐकू आली की रेकॉर्ड ठेवा, नाहीतर पुढची.
माझं मत अमेरिकन सिनेसंगीतकार हेन्री मॅन्सिनीला. 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची थीम मूळ नीनो रोटाची, मॅन्सिनीने बसवली आणि पियानोवर स्वतःच बसला. 1969 मध्ये तिने बीटल्सच्या 'गेट बॅक'ला अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवरून खाली उतरवलं. ऐकताना खरं वाटत नाही, इतकी शांत आहे.

कोपऱ्यातला
पटलं. पण क्लेडरमनवर माझ्या आईने वर्षभर पोळ्या लाटल्यात, अपमान सहन करणार नाही.

जुनी_तबकडी
अवांतर: 'कॅसाब्लांका'त पियानोवर बसलेला सॅम आठवतो ना? ते काम करणारा डूली विल्सन मुळात ड्रमवादक. पियानो त्याला येत नव्हता, वाजवलाय दुसऱ्याने. बाबांना विचारा, ओळखलं होतं का.

रातराणी
विचारलं. म्हणाले, "आमचं लक्ष इंग्रिड बर्गमनकडे होतं." आई स्वयंपाकघरातून "ऐकू येतंय" म्हणाली.
मॅन्सिनी दोनदा झाला. तिसऱ्यांदा लावायला गेले तर म्हणाले, आता ते दोन पियानोवाले लाव. 'एक्झोडस' लावला, आवाज कमी ठेवून. हात चादरीवर ठेका धरत होता. चारचे थेंब साडेचारला घातले, तेही थीम संपल्यावर.
आता 'डॉक्टर झिवागो'ची मागणी आहे. पियानोवर चांगली कुणाची?